खेळाडू की सोंगटी?



ज्याची हयात कामगारांच्या सभा घेण्यात आणि मालकांशी वाटाघाटी करण्यात गेली, त्याने बास्केटबॉलवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु मी खेळातल्या डावपेचांवर बोलणार नाही. अमेरिकेतील धंदेवाईक बास्केटबॉलमध्ये एक प्रश्न पुन:पुन्हा उभा राहतो. संघ सतत हरत आहे. त्यात एकच थोर खेळाडू आहे. दहा-बारा वर्षे त्याने संघाचा भार वाहिला आहे. आता त्याला दुसऱ्या संघाच्या स्वाधीन करून बदल्यात नवे गडी घ्यावेत की नाही? वरवर हा प्रश्न खेळाचा दिसतो. वस्तुतः तो श्रमाचा आणि श्रम करणाऱ्याच्या हक्काचा आहे. म्हणून तो माझ्या प्रांतातला आहे असे मी समजतो.

प्रथम ही अदलाबदल म्हणजे काय ते समजून घेऊ. तिकडे तिला ‘ट्रेड’ म्हणतात. आय.पी.एल.मुळे खेळाडूंचा लिलाव आपल्या परिचयाचा झाला आहे. ट्रेड हा त्याहून निराळा प्रकार. खेळाडूने एका संघाशी करार केलेला असतो. ट्रेडमध्ये तो करारच उचलून दुसऱ्या संघाकडे दिला जातो. पगार तोच, मुदत तीच. मालक तेवढा नवा आणि गाव नवे. गिरणीतला माणूस दुसऱ्या मालकाकडे जायचे नाकारू शकतो आणि तिसरीकडे काम शोधू शकतो. बास्केटबॉलपटूला ती सोय नाही. करार चालू असेतो एक तर सांगतील तेथे जायचे, नाही तर खेळ सोडायचा.

हरणारा संघ असा सौदा का करू पाहतो? त्याची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. या खेळात एका वेळी पाचच गडी मैदानात असतात, त्यामुळे एक थोर खेळाडू संघाला अगदी तळाला जाऊ देत नाही. पण तो एकटा त्याला शिखरावरही नेऊ शकत नाही. आता तिकडची रीत अशी की, नवोदित खेळाडू निवडण्यात दुबळ्या संघांना अग्रक्रम मिळतो. म्हणजे अधेमधे लोंबकळणाऱ्या संघाला विजयही नाही आणि उत्तम नवा गडीही नाही. शिवाय १९८४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आहे. थोर खेळाडूचा पगार वजा जाता उरलेल्या पैशात चांगले साथीदार मिळणे कठीण होते. आणि वय कोणासाठी थांबत नाही. आज ज्याच्या बदल्यात पुष्कळ मिळेल, त्याच्या बदल्यात तीन वर्षांनी काहीच मिळणार नाही. हा हिशेब खोटा नाही. तथापि हिशेब बरोबर असणे आणि निर्णय बरोबर असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. दोन उदाहरणांवरून ते दाखवतो.

पहिले उदाहरण ऑस्कर रॉबर्टसन याचे. हा कृष्णवर्णीय खेळाडू इंडियानापोलिसमध्ये वाढला. त्याचे महाविद्यालयीन शिक्षण सिनसिनाटी शहरात झाले, आणि १९६० साली रोम ऑलिम्पिकचे सुवर्णपदक मिळवून तो त्याच शहराच्या रॉयल्स संघात दाखल झाला. १९६१-६२ च्या हंगामात त्याची दर सामन्यातील सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट अशी होती. रिबाउंड म्हणजे हुकलेला चेंडू काबीज करणे; असिस्ट म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळेल असा चेंडू देणे. तिन्ही सरासऱ्या दोन आकडी ठेवून सबंध हंगाम काढणारा तो पहिलाच. १९६३-६४ साली रॉयल्सने ८० पैकी ५५ सामने जिंकले. पण पुढे संघ खंगत गेला. १९६८, १९६९ आणि १९७० अशी लागोपाठ तीन वर्षे तो बाद फेरीतही पोहोचला नाही. १९६९ साली बॉब कूझी हा बोस्टनचा जुना नामवंत खेळाडू प्रशिक्षक म्हणून आला. त्याच वर्षी जेरी लुकस या दुसऱ्या मोठ्या खेळाडूला सॅन फ्रान्सिस्कोला देण्यात आले. मग पाळी रॉबर्टसनची आली.

येथे कामगार चळवळीच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट आहे. रॉबर्टसन १९६५ पासून खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष होता. आपल्या संमतीशिवाय आपली अदलाबदल होऊ नये, असे कलम त्याने स्वतःच्या करारात घालून घेतले होते. रॉयल्सने त्याला बाल्टिमोरला देण्याचा बेत केला, तेव्हा त्याने त्या कलमावर बोट ठेवले आणि नकार दिला. पुढे मिलवॉकीचा प्रस्ताव आला. तो त्याला पटला, आणि एप्रिल १९७० मध्ये फ्लिन रॉबिन्सन आणि चार्ली पॉल्क या दोघांच्या बदल्यात तो मिलवॉकीला गेला. तेथे त्याला ल्यू अल्सिंडॉर हा तरुण आणि विलक्षण उंच जोडीदार मिळाला. हाच पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने प्रसिद्ध झाला. पहिल्याच हंगामात संघाने ८२ पैकी ६६ सामने जिंकले, आणि १९७१ च्या अंतिम फेरीत त्याच बाल्टिमोरला चार-शून्य असे हरवून अजिंक्यपद मिळवले.

सिनसिनाटीच्या पदरात काय पडले? आलेल्या दोघांपैकी रॉबिन्सन पुढच्याच वर्षी लॉस एंजलिसच्या संघात होता. १९६९-७० मध्ये रॉयल्सचे ३६ विजय होते. ते पुढच्या दोन हंगामांत ३३ आणि ३० वर आले. १९७० च्या निवडीत त्यांना नेट आर्चिबाल्ड हा हिरा सापडला हे खरे. पण तो निवडीतून आला, या सौद्यातून नव्हे. शिवाय तो पुरता तळपू लागेपर्यंत, १९७२ साली, संघच कॅन्सस सिटी आणि ओमाहा येथे हलवण्यात आला. सिनसिनाटीच्या प्रेक्षकाने आधी आपला खेळाडू गमावला, मग संघही गमावला.

दुसरे उदाहरण केव्हिन गार्नेट याचे. १९९५ साली तो शाळेतून थेट मिनेसोटाच्या संघात आला आणि बारा हंगाम तेथे खेळला. २००४ साली तो वर्षातील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. नंतर त्याचाही संघ लागोपाठ तीन वर्षे बाद फेरीबाहेर राहिला. जुलै २००७ मध्ये त्याला बोस्टनला देण्यात आले. मोबदल्यात पाच खेळाडू आणि पहिल्या फेरीतील दोन निवडी मिळाल्या. कागदावर सौदा भरघोस होता. आदल्या हंगामात केवळ २४ सामने जिंकलेल्या बोस्टनने ६६ जिंकले आणि २००८ चे अजिंक्यपद पटकावले. मिनेसोटाचे विजय ३२ वरून २२ वर आले, आणि बाद फेरीचे दार त्यांना पुन्हा उघडले ते २०१८ साली!

असे का व्हावे? माझ्या मते कारण साधे आहे. ज्या चालकांना दहा वर्षांत थोर खेळाडूला योग्य साथीदार मिळवून देता आले नाहीत, तेच चालक त्याच्या मोबदल्यात आलेली पुंजी खर्च करणार असतात. कारखाना डबघाईला आला की पहिली नजर जुन्या कामगाराच्या पगाराकडे जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. जुने यंत्र कोणी घेतले, माल न खपता कोणामुळे पडून राहिला, हे प्रश्न मागाहून येतात. कधी येतच नाहीत. खेळाडूच्या बदल्यात गडी मिळतात. अक्कल मिळत नाही.

उलट बाजूचे दाखलेही आहेत. २००७ साली लॉस एंजलिसच्या कोबी ब्रायंटने संघाच्या कारभाराला विटून स्वतःच बदली मागितली होती. चालकांनी त्याला ठेवून घेतले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये पाऊ गॅसॉल हा तोलामोलाचा साथीदार आणला. २००९ आणि २०१० ही दोन्ही अजिंक्यपदे त्यांना मिळाली. डॅलसचा डर्क नोविट्झकी एकाच संघात २१ हंगाम खेळला. त्याचे एकमेव अजिंक्यपद तेराव्या हंगामात, २०११ साली आले. तेव्हा धीर धरणे म्हणजे नेहमीच भाबडेपणा असतो असे नाही.

मग निर्णय कसा करावा? मी तीन कसोट्या सुचवतो. पहिली : संघ या माणसामुळे हरतो आहे, की हा असूनही हरतो आहे? दुसरी : मोबदला हाती घेणारे कारभारी बदलले आहेत काय? तिसरी आणि सर्वांत मोठी : त्या माणसाला विचारले आहे काय? पहिल्या दोन कसोट्यांत सौदा उतरला, पण तिसरीत उतरला नाही, तर तो करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. वय वाढलेल्या थोर खेळाडूला अजिंक्यपदाची आस असते. आपला संघ ते देऊ शकत नाही हे त्यालाही कळते. सन्मानाने विचारले तर पुष्कळ वेळा तो स्वतःच जाण्यास राजी होईल.

यावर आक्षेप येतो की, कोट्यवधी मिळवणाऱ्याची कसली कीव करता? कीव नव्हे, हा हक्काचा प्रश्न आहे. पगार श्रमाचा मिळतो. माणूस विकत घेतल्याचा नव्हे. कर्ट फ्लड या बेसबॉलपटूने १९६९ साली आपली अदलाबदल नाकारली, तेव्हा त्याचा पगारही लठ्ठच होता. त्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी तो हरला. रॉबर्टसनने १९७० साली संघटनेच्या वतीने बास्केटबॉलच्या मालकांवर दावा लावला. सहा वर्षांनी, १९७६ साली, तडजोड झाली. करार संपला तरी खेळाडूला एकतर्फी बांधून ठेवणारे कलम गेले. करार संपलेल्या जुन्या खेळाडूंना पूर्ण मोकळीक मिळायला १९८८ साल उजाडावे लागले.

पण करार चालू असताना होणाऱ्या ट्रेडचे काय? आजही नकाराचे कलम मागण्याचा हक्क आठ वर्षे खेळलेल्या आणि त्यांपैकी निदान चार वर्षे त्याच संघात काढलेल्या खेळाडूलाच आहे. आणि तेही संघाने मान्य केले तर. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने लुका डॉन्चिच या आपल्या पंचविशीतल्या सर्वोत्तम खेळाडूला एका रात्रीत लॉस एंजलिसला दिले. आठ महिन्यांपूर्वीच त्याने संघाला अंतिम फेरीत नेले होते. सौद्याची त्याला आधी कल्पनाही नव्हती. डॅलसचे प्रेक्षक संतापून क्रीडागृहाबाहेर जमले.

सोंगटी पटावर कोठेही सरकवली तरी ती बोलत नाही. माणूस बोलतो, फक्त त्याचे बोलणे करारात लिहिलेले असावे लागते. रॉबर्टसनचा सौदा त्याला लाभला, कारण एका ओळीचे कलम त्याच्या हाती होते. ती ओळ त्याला कोणी बक्षीस दिली नव्हती. ती त्याने मागून, भांडून घेतली होती. थोर खेळाडूला जे मिळाले, ते राखीव बाकावर बसणाऱ्या बाराव्या गड्यालाही मिळावे, हे काम अद्याप शिल्लक आहे.