हर्पिसचा रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला, म्हणजे नेमके काय?

बाई गरोदर राहिली किंवा गर्भ पडला, की बऱ्याच खासगी दवाखान्यांत 'टॉर्च' नावाची रक्ततपासणी सांगतात. तिच्यात इतर आजारांसोबत हर्पिसही तपासतात. कागदावर 'हर्पिस पॉझिटिव्ह' आले, की अनेक घरांत आधी उपचाराचा नव्हे, चारित्र्याचा प्रश्न निघतो. म्हणून हा कागद काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे आपण समजून घेऊ.

हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचे दोन प्रकार आहेत. प्रकार १ बहुधा तोंडाभोवती असतो. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाण्याच्या बारीक पुळ्या येतात, त्या याच्याच. तो बहुतेकांना लहानपणीच घरातल्या माणसांच्या लाळेतून, मुका घेण्यातून लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या अंदाजाप्रमाणे जगात ५० वर्षांखालील सुमारे ६७ टक्के लोकांना, म्हणजे तिघांतल्या दोघांना, त्याची लागण झालेली आहे. प्रकार २ मुख्यतः शरीरसंबंधातून लागतो आणि गुप्तांगावर फोड येतात. कमरेवर किंवा छातीवर उठणारी नागीण मात्र यापेक्षा वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते.

आता रक्ततपासणीकडे येऊ. ही तपासणी विषाणू शोधत नाही. विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे ती शोधते. त्यातली 'आयजीएम' ही नव्या लागणीची खूण समजली जाते. पण हर्पिसमध्ये जुनी लागण पुन्हा उसळली तरी ती दिसू शकते आणि दोन प्रकारांतला फरकही तिला नीट कळत नाही. म्हणून हर्पिसच्या निदानासाठी आयजीएमवर विसंबू नये, असे तज्ज्ञ सांगतात.

'आयजीजी' प्रतिपिंडे एकदा तयार झाली की सहसा आयुष्यभर राहतात. त्यामुळे लागण कधी झाली, कोणाकडून झाली, हे आयजीजीच्या रिपोर्टवरून कळत नाही. कित्येकांच्या अंगात हा विषाणू वर्षानुवर्षे राहतो आणि एक फोडही येत नाही. तेव्हा आज आलेल्या पॉझिटिव्ह रिपोर्टवरून नवऱ्याने किंवा बायकोने फसवले, असे ठरवता येत नाही.

रिपोर्टवरचा आकडाही पाहावा. प्रकार २ च्या नेहमीच्या तपासणीत १.१ च्या वर पॉझिटिव्ह धरतात. पण आकडा ३ च्या आत असेल तर तो चुकीचा असण्याची शक्यता बरीच असते. अशा वेळी दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्यावी. उलट, लागण होऊन १२ आठवडे झाले नसतील तर रिपोर्ट निगेटिव्ह येऊनही लागण असू शकते.

मग खरे निदान कसे होते? फोड ताजा असतानाच डॉक्टरांना दाखवावा. फोडातला द्राव घेऊन केलेली पीसीआर तपासणी सर्वांत भरवशाची. अंगावर काहीच नसताना केवळ शंका म्हणून हर्पिससाठी रक्त तपासण्याची सहसा गरज नसते.

गरोदरपणात मात्र ही गोष्ट लपवू नये. पूर्वी गुप्तांगावर फोड आले असतील तर डॉक्टरांना सांगावे. शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच लागण झाली, तर बाळाला धोका सर्वांत जास्त असतो. कळा सुरू होताना फोड असतील तर सिझेरियन करतात. असायक्लोविर या औषधाने विषाणू शरीरातून जात नाही, पण फोड आणि त्रास आटोक्यात येतो. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

प्रकार २ असेल तर एचआयव्ही लागण्याचा धोका सुमारे तिप्पट होतो. म्हणून निरोध वापरावा आणि सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची मोफत तपासणी करून घ्यावी. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही सल्ला मिळतो.

रिपोर्ट घेऊन नवरा-बायको दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. तो कागद उपचार ठरवण्यासाठी आहे; घरातल्या बाईचा न्याय करण्यासाठी नाही.