नव्या फ्रेमवर्कचे वाईट दिवस

धाराशिवमधल्या एखाद्या पतसंस्थेसाठी, दूध संकलन केंद्रासाठी किंवा शेतकरी उत्पादक कंपनीसाठी कुणी सॉफ्टवेअर बनवून देतो, तेव्हा ते उभे राहायला तीन-चार महिने लागतात आणि वापरले जाते दहा-दहा वर्षे. बनवणारा मुलगा किंवा मुलगी बहुधा तेरणासारख्या इथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकलेली असते आणि वर्ष-दोन वर्षांत पुण्याला किंवा हैदराबादला निघून जाते. संस्थेचे काम मात्र थांबत नाही, आणि सरकारही थांबत नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, तेव्हा बिल छापणारी प्रत्येक प्रणाली बदलावी लागली. २२ सप्टेंबर २०२५ पासून कराचे टप्पे पुन्हा बदलले. मधल्या काळात, २०२३ मध्ये, जिल्ह्याचे नावच उस्मानाबादचे धाराशिव झाले. ज्या प्रणालीत जिल्ह्याचे नाव एका तक्त्यात नोंदवले होते, तिथे हा बदल पाच मिनिटांचा. जिथे ते कोडमध्ये ठिकठिकाणी कोरून ठेवले होते, तिथे कोड लिहिणाऱ्याला शोधत फिरणे आले. वेब फ्रेमवर्क निवडण्याचा प्रश्न म्हणूनच पहिल्या दिवशीच्या सोयीपुरता राहत नाही.

फ्रेमवर्क म्हणजे वेबवरच्या प्रणालीचा तयार सांगाडा. लॉगिन, फॉर्म, नोंदी साठवणे, कुणाला काय दिसावे याचे अधिकार, छपाई ही सगळीकडे लागणारी कामे त्यात आधीच करून ठेवलेली असतात, आणि आपण त्यावर आपल्या संस्थेपुरते काम चढवायचे असते. दरवर्षी अशी नवी मुक्तस्रोत फ्रेमवर्क येतात. ती फुकट असतात, त्यांचे प्रात्यक्षिक देखणे असते, वेगाचे आकडे दिपवणारे असतात आणि गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर हजारो तारे झळकत असतात. यातल्या एकाही गोष्टीवरून निर्णय घेऊ नये. तारा म्हणजे एका क्लिकची पसंती. तो देणाऱ्याने ते फ्रेमवर्क उघडून पाहिलेलेही नसेल. वेगाचे म्हणाल, तर काहीशे सभासदांच्या संस्थेत वाट पाहण्याचा वेळ जातो तो चुकीच्या पद्धतीने लिहिलेल्या डेटाबेस-क्वेरीत आणि रेंज नसलेल्या मोबाइलमध्ये. तिथे फ्रेमवर्क सेकंदाला दहा हजार विनंत्या झेलते की वीस हजार, याने काही बिघडत नाही. नवरात्रात तुळजापुरात लोटणाऱ्या गर्दीसाठी दर्शनाची नोंदणी करायची असेल, तर गोष्ट वेगळी; पण तसे काम एखाद्याच्याच वाट्याला येते.

पाहायचे असतात ते त्या फ्रेमवर्कचे वाईट दिवस. सुरक्षेची चूक सापडली तेव्हा निर्मात्यांनी ती किती दिवसांत दुरुस्त केली, आणि वापरणाऱ्यांना सरळ शब्दांत सांगितली की गुपचूप बुजवली? मोठी आवृत्ती आली तेव्हा जुन्या आवृत्तीवरच्या लोकांना वाट दाखवली की वाऱ्यावर सोडले? मुक्तस्रोत प्रकल्पात हा सगळा इतिहास उघडा असतो, हाच त्याचा मोठा लाभ, आणि तोच सहसा कुणी वाचत नाही. तक्रारींच्या यादीत किती तक्रारी बंद झाल्या हा आकडा फसवा असतो, कारण काही प्रकल्प जुन्या तक्रारी यंत्राकरवी आपोआप बंद करतात. त्यातल्या वीस-पंचवीस नीट वाचल्या की मात्र निर्मात्यांचा स्वभाव कळतो. कारण देऊन दिलेला नकार ही मी चांगली खूण मानतो. प्रत्येक मागणीला होकार देणारा प्रकल्प दोन वर्षांत स्वतःच्याच वजनाखाली वाकतो. मग गेल्या वर्षभराचे काम कुणी केले ते पाहावे: त्यातला सर्वांत मोठा वाटेकरी वजा केला, तर मागे काय उरते? आणि सर्वांत खात्रीची परीक्षा म्हणजे दोन वर्षांपूर्वीची आवृत्ती बसवायची, तिच्यात चार नोंदी घालायच्या आणि ती आजच्या आवृत्तीपर्यंत चढवत आणायची. दोन दिवसांच्या या कामातून जे कळते, ते कुठल्याही भाषणातून कळत नाही.

महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण आहे. मुंबईच्या ऋषभ मेहता यांनी २००८ साली वेब नोट्स ही कंपनी काढली आणि लहान-मध्यम उद्योगांसाठी ईआरपीनेक्स्ट हे हिशेब, साठा, खरेदी-विक्रीचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घडवले. ते घडवताना पायथन आणि जावास्क्रिप्ट या भाषांमध्ये जो सांगाडा तयार झाला, तो पुढे फ्रापे फ्रेमवर्क म्हणून वेगळा झाला, आणि कंपनीनेही फ्रापे हेच नाव घेतले. सुरुवातीच्या वर्षांत कुणी विचारले असते की मुंबईतल्या मूठभर लोकांच्या या सांगाड्यावर आपली संस्था उभी करावी का, तर ताऱ्यांच्या हिशेबाने उत्तर ‘नाही’ असेच आले असते. पण दुसरा पुरावा समोर होता. त्या सांगाड्यावर निर्मात्यांचे स्वतःचे उत्पादन चालत होते आणि पैसे देणारे ग्राहक त्यावर रोज बिले काढत होते. जीएसटी आला तेव्हा त्याची धावपळ आधी त्यांनाच करावी लागली. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. पुढच्या आवृत्तीवर जाण्याची झळही आधी त्यांच्याच उत्पादनाला बसणार होती. वापरणाऱ्याचा वाईट दिवस हा निर्मात्याचाही वाईट दिवस असणे, ही तरुण फ्रेमवर्कच्या बाजूची सर्वांत भक्कम साक्ष आहे.

जँगो या फ्रेमवर्कची कथा हेच सांगते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातले लॉरेन्स हे काही संगणक उद्योगाचे केंद्र नव्हे. तिथल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या स्थानिक वृत्तपत्रात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांना संपादकांच्या मुदतीत पाने उभी करावी लागत. त्या घाईतून जे घडले, ते जुलै २००५ मध्ये जगासाठी खुले झाले आणि आज वीस वर्षांनंतरही जोमात आहे. रुबी ऑन रेल्ससुद्धा २००४ साली बेसकॅम्प या चालत्या उत्पादनातून बाहेर काढलेले. याउलट मीटिअर हे फ्रेमवर्क २०१२ मध्ये आले ते एक कोटी डॉलरहून अधिक भांडवल पाठीशी घेऊन. प्रात्यक्षिक पाहून लोक थक्क होत. २०१९ मध्ये ते दुसऱ्या कंपनीला विकले गेले. ते संपले नाही, आजही चालते, पण ज्या आश्वासनांवर लोकांनी ते निवडले होते त्यांचा धनी बदलला.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. अँग्युलरजेएस हे फ्रेमवर्क तर गुगलचे होते, गुगलमध्येच वापरले जात होते. तरी सप्टेंबर २०१६ मध्ये त्याची पुढची आवृत्ती जवळजवळ नव्याने लिहून आली आणि जुन्याचा आधार २०२१ संपताना थांबला. बाहेरच्यांची मोठी कामे अडकली. म्हणजे निर्माता स्वतः वापरतो एवढे पुरेसे नाही. त्याची गरज आणि आपली गरज एके दिवशी वेगळ्या वाटांनी जाऊ शकते, आणि गुगलएवढी माणसे आपल्याकडे नसतात. म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागतो: निर्माते उद्या निघून गेले, तर आपल्याला हे एकट्याने किती दिवस ओढता येईल, आणि सोडायचे ठरले तर काय हाती उरेल?

इथे परवाना महत्त्वाचा. रिअ‍ॅक्ट या फेसबुकच्या साधनाच्या परवान्यातल्या पेटंटविषयीच्या कलमावरून वाद झाला आणि सप्टेंबर २०१७ मध्ये फेसबुकला तो बदलून साधा एमआयटी परवाना द्यावा लागला. फ्रापे फ्रेमवर्क एमआयटी परवान्याखाली आहे, तर ईआरपीनेक्स्ट अधिक अटींच्या जीपीएलखाली. यांत फेरफार करून ती दुसऱ्यांना देणाऱ्याने हा फरक आधीच समजून घेतलेला बरा. त्याहून महत्त्वाची आहे नोंदींची ठेवण. फ्रापेत प्रत्येक प्रकारच्या नोंदीचा डेटाबेसमध्ये स्वतंत्र, वाचता येणारा तक्ता असतो. उद्या फ्रेमवर्क राहिले नाही तरी सभासदांची खाती साध्या क्वेरींनी बाहेर काढता येतात. त्यावर लिहिलेले नियम आणि फॉर्म मात्र त्याच फ्रेमवर्कच्या भाषेत असतात. ते नव्याने लिहावे लागतात. हा खर्च आधीच मोजावा, लपवू नये.

मग जुनेच का घेऊ नये? बऱ्याचदा घ्यावेच, आणि पतसंस्थेच्या ठेवींसाठी तर मी तेच सांगेन. पण वय हा विमा नव्हे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या जुन्या, सर्वत्र पसरलेल्या मुक्तस्रोत साधनात चोरवाट सापडली. दमलेल्या एकट्या सांभाळणाऱ्याचा विश्वास दोन वर्षांहून अधिक काळ कमावून ती कुणीतरी घुसवली होती, आणि लॉगिनला किंचित उशीर का होतो हे शोधताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ती दिसली. मार्च २०१६ मध्ये लेफ्टपॅड हा अकरा ओळींचा तुकडा त्याच्या कर्त्याने काढून घेतला आणि जगभरात त्यावर अवलंबून असलेल्या सॉफ्टवेअरची बांधणी अडली. फ्रेमवर्क स्वतः कितीही निकोप असो, ते खाली किती परक्या तुकड्यांवर उभे आहे याची यादीही वाचावीच लागते.

सगळ्यांनीच थांबायचे ठरवले तर नवे कसे वाढेल, असेही विचारले जाते. आपल्याकडे सोयाबीनचे नवे वाण शेतकरी आधी दोन-चार गुंठ्यांत पेरून पाहतो. सगळे शिवार त्यावर लावत नाही. संस्थेतही तसे कोपरे असतात: सभेच्या नोंदी, प्रशिक्षणाची हजेरी, ग्रंथालय. तिथे नव्याला एक वर्ष द्यावे. साखर कारखान्याचा वजनकाटा आणि ठेवींची खाती त्यापासून दूर ठेवावीत. ‘आता कोड यंत्रच लिहून देते, फ्रेमवर्क कोणते याने काय फरक पडतो’ हा नवा युक्तिवाद तरुण फ्रेमवर्कच्या बाबतीत उलटाच पडतो. त्याच्याविषयी लिहिलेले थोडे असते, आवृत्त्या वेगाने बदललेल्या असतात, आणि यंत्र जुन्या-नव्या पद्धतींची सरमिसळ करून छातीठोक उत्तर देते. ते चुकले हे ओळखायला मूळ कोड वाचू शकणारा माणूस लागतोच.

तो माणूस धाराशिवमध्ये असणे हीच इथली खरी अट आहे. त्यामुळे करार करताना संस्थांनी किमतीच्या आधी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात असे मला वाटते. आपल्यासाठी लिहिलेला सगळा कोड संस्थेच्या ताब्यात यावा. वार्षिक देखभालीत मोठ्या आवृत्तीवर चढण्याचे काम धरलेले असावे. आणि संस्थेच्या किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या किमान दोन जणांनी, बनवणारा गावात असतानाच, चालू प्रणालीची प्रत वेगळ्या संगणकावर शून्यापासून उभी करून दाखवावी. ज्या फ्रेमवर्कबाबत हे होत नाही, ते दोन वर्षांचे असो की वीस, इथे घेऊ नये.