रंग शेवटी, पत्रा आधी

नगर-मनमाड रस्त्याने कोपरगावात शिरताना गॅरेजांची रांग लागते. कुठे ट्रॅक्टर उघडून ठेवलेला, कुठे उसाच्या ट्रकचे पाटे उतरवलेले. अशाच एखाद्या गॅरेजच्या मागे, बाभळीच्या सावलीत, जुनी फियाट उभी असते. टायर मातीत रुतलेले, काचेचे रबर वाळून फाटलेले, दाराच्या खालच्या कडेला गंजाची चाळणी झालेली.

एके काळी ही गाडी म्हणजे तालुक्यातील प्रतिष्ठेची खूण होती. साखर कारखान्याचे संचालक, डॉक्टर, वकील, बडे बागाईतदार यांच्या दारात ती उभी राही. आपल्या वस्तीतला माणूस तिच्याजवळ जाई तो बहुतेक वेळा चालवायला, धुवायला, नाहीतर ढकलायला. मागच्या सीटवर बसण्याचा प्रसंग विरळाच. आज त्याच माणसाचा मुलगा शिकून नोकरीला लागला आहे. भंगारात निघालेली ती गाडी आपण घ्यावी, पुन्हा उभी करावी आणि म्हाताऱ्या वडिलांना मागच्या सीटवर बसवून गावातून फिरवून आणावे, असे त्याला वाटले तर त्यात गैर काहीच नाही.

मात्र अशा तरुणांचा पहिला प्रश्न असतो तो रंगाचा. लाल द्यावा की निळा? चमकीचा द्यावा की साधा? वाचकहो, या लेखात सांगायचे ते एवढेच, की रंग हा या कामाचा शेवटचा अध्याय आहे. त्याआधीचे अध्याय कोणी गाळले तर रंगाचे पैसे तर जातातच, पण माणसाचा जीवही धोक्यात येतो.

कुर्ला आणि डेट्रॉईट

प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली काढली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लायमाऊथ आणि डिसोटो या गाड्यांची जुळणी 1947 पासून सुरू झाली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला, 1964 साली फियाट 1100 डिलाईट आली आणि 1974 पासून तीच गाडी प्रीमिअर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे रूप म्हणजे हीच पद्मिनी. तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली.

त्याच क्रायस्लर कंपनीने तिकडे अमेरिकेत 1970 सालासाठी डॉज चॅलेंजर नावाची गाडी काढली. अशा दणकट गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणजे पिळदार दंडाची गाडी म्हणतात. आपल्या पद्मिनीचे इंजिन 1089 सीसीचे, तर चॅलेंजरचे सर्वांत ताकदवान इंजिन सात लिटरचे आणि 425 अश्वशक्तीचे. रंगही तसेच भडक. एका जांभळ्या रंगाचे नावच कंपनीने ‘प्लम क्रेझी’ ठेवले होते. आज अशा गंजलेल्या गाड्या शेतातल्या गोठ्यातून शोधून काढून त्या पुन्हा उभ्या करण्याचा मोठा छंद तिकडे आहे. त्याच घराण्यातील 1971 ची एक प्लायमाऊथ हेमी कूडा 2014 साली लिलावात 35 लाख डॉलरला गेली.

पण या रंगीत गाड्या ज्या कारखान्यात बनत त्याची दुसरी बाजू आपण जाणून घेतली पाहिजे. डेट्रॉईटला लागून असलेल्या हॅमट्रॅमक येथील ‘डॉज मेन’ कारखान्यात काळ्या कामगारांच्या वाट्याला सर्वांत घाण, सर्वांत गरम आणि सर्वांत धोक्याची कामे येत. मुकादमाची जागा मात्र त्यांना क्वचितच मिळे. मे 1968 मध्ये तेथे कामाचा वेग वाढवल्याच्या निषेधार्थ उत्स्फूर्त संप झाला आणि त्यातून काळ्या कामगारांची ‘डॉज रेव्होल्युशनरी युनियन मूव्हमेंट’ ही संघटना उभी राहिली. चॅलेंजर याच कारखान्यातून बाहेर पडली. गाडीचा रंग सर्वांना दिसतो, रंग मारणारा दिसत नाही. हा अनुभव आपल्याला नवा नाही.

गंज कुठे लपतो

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज होतो. मीठ असेल तर तो वेगाने वाढतो. म्हणून मुंबईत वापरलेली गाडी आपल्याकडच्या गाडीपेक्षा आतून अधिक खाल्लेली असू शकते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून रंगाला फुगवतो. वर दिसणारा फोड म्हणूनच शेवटची खूण असते. आत पत्रा बराच आधी गेलेला असतो.

जीपला खाली वेगळी चासी असते, वरची बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असते. फियाट-पद्मिनीला तशी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालच्या पोकळ पट्ट्या आणि खांब हेच मिळून तिचा सांगाडा बनतो. म्हणून त्या पट्ट्या गंजल्या असतील तर गाडीचा कणाच मोडला असे समजावे. चॅलेंजरचीही रचना अशीच आहे.

गाडी घेण्यापूर्वी एक पेचकस, एक छोटी हातोडी आणि एक लोहचुंबक घेऊन जावे. मॅट उचलून तळ पाहावा. दाराखालच्या पट्ट्या, मडगार्डची आतली कड, डिकीचा तळ, बॅटरीखालचा ट्रे, काचेच्या रबराखालची कड आणि जॅक लावण्याची जागा येथे हलकेच ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. आवाज बद्द आला किंवा पेचकस आत शिरला तर तो भाग कापावा लागेल. चुंबक चिकटला नाही तर तेथे पत्रा नसून पुट्टी आहे. विकणाऱ्याने कालच चकचकीत रंग मारून आणलेल्या गाडीपेक्षा गंज उघडा दिसणारी गाडी बरी. निदान ती खोटे बोलत नाही.

पत्र्याचे काम

प्रत्येक भाग सुटा करण्यापूर्वी त्याचा फोटो काढावा आणि नट-बोल्ट चिठ्ठी लावून वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. काम महिनोन् महिने चालते, स्मरणावर विसंबू नये. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी आणि पेट्रोलची टाकी गाडीपासून पूर्ण दूर न्यावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक घातक, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ असते.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने जातो. खोल खड्ड्यांतील गंजासाठी फॉस्फोरिक ॲसिड असलेले गंजनाशक मिळते. ते लावल्यावर कंपनीने सांगितल्याप्रमाणे धुऊन, पुसून पत्रा लगेच कोरडा करावा. भोके पडलेला पत्रा मात्र कापूनच काढावा लागतो. दाराखालच्या पट्ट्या कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी आधार जोडून घ्यावेत, नाहीतर गाडी मधून वाकते आणि मग दारे कधीच नीट लागत नाहीत. नवा पत्रा एका दमात न जोडता थोडे इथे, थोडे तिथे असे टाके घालत जावे. सलग उष्णता दिली की पत्रा पापडासारखा वेडावाकडा होतो. कोरून उमटवलेला चासी नंबर ज्या भागावर आहे तो भाग कोणत्याही परिस्थितीत कापू नये.

त्यानंतर हातोडी आणि ठोकळ्याने पत्रा सपाट करणे हे खरे कसब. चांगल्या कारागिराचा हात डोळ्यापेक्षा लवकर उंचवटा ओळखतो. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरहून जाड लागत असेल तर ठोकण्याचे काम अपुरे राहिले आहे असे समजावे. भोकात कापड किंवा जाळी कोंबून वर पुट्टी थापणारे पुष्कळ भेटतात. दोन पावसाळ्यांत ती पुट्टी पाणी पिऊन सुटते. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर लवकरात लवकर चढवावा, कारण रात्रीच्या दमट हवेतही नव्या पत्र्यावर गंज धरतो.

कारागिराची छाती

आपल्या जिल्ह्यातील गॅरेजांत डेंटिंग-पेंटिंगचे काम करणारी मुले बरीचशी कष्टकरी घरांतील असतात. तोंडाला रुमाल बांधून ती रंग मारतात. जुन्या रंगांत शिसे असू शकते. तो रंग कोरडा घासला तर शिशाची धूळ उडते आणि कपड्यांवरून घरातील लहान मुलांपर्यंत पोहोचते. म्हणून जुना रंग पाण्याने ओला करून घासावा आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत. वाळूचा मारा करून गंज काढताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. हल्लीच्या दोन भागांच्या पीयू रंगातील हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्याने दमा जडतो. रुमाल किंवा कागदी मास्क तेथे निरुपयोगी आहे. बाहेरून नळीने स्वच्छ हवा देणारा मुखवटा, हातमोजे आणि हवेशीर जागा लागते.

गाडी देताना मालकाने गॅरेजवाल्याला हे विचारलेच पाहिजे. मुखवट्याचा खर्च अंदाजपत्रकात धरा असे आपणहून सांगावे. आपल्या हौसेपायी दुसऱ्याच्या मुलाचा श्वास कोंडणार असेल तर ती हौस आपल्याला शोभत नाही. शिवाय आयटीआयमध्ये वेल्डर, शीट मेटल वर्कर, ऑटोबॉडी पेंटिंग असे अभ्यासक्रम आहेत. हाताखाली राबणाऱ्या मुलाला ते प्रमाणपत्र मिळाले तर तो उद्या स्वतःचे शेड टाकू शकेल.

आता रंग कोणता?

आता रंगाकडे वळू. फोर्डची ‘मॉडेल टी’ 1914 ते 1925 या काळात फक्त काळ्या रंगात मिळत असे. 1923 साली ड्यूपाँ कंपनीने ‘ड्यूको’ नावाचा झटपट वाळणारा रंग काढला आणि गाड्यांना स्वस्तात रंगीबेरंगी होता आले. आपल्याकडचे पेंटर आजही ‘ड्यूको मारू का?’ असे विचारतात ते त्याच नावावरून.

गाडीचा मूळ रंग डॅशबोर्डखाली, दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागे किंवा काचेच्या रबराखाली हमखास सापडतो, कारण तेथे ऊन पोहोचत नाही. गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी जपायची असेल तर तोच रंग द्यावा. स्वतःच्या आनंदासाठी करायची असेल तर मन मोकळे ठेवावे. मात्र काही व्यवहार पाहावेत. गडद आणि चकचकीत रंगात पत्र्याची प्रत्येक लाट दिसते, काळा रंग तर कारागिराची परीक्षाच घेतो. आपल्या उन्हाळ्यात गडद गाडी लवकर तापते, पांढरी किंवा फिकट गाडी थंड राहते. चमकीचा रंग पुढे कुठे घासला तर त्याच छटेत जुळवणे कठीण जाते, साधा रंग जुळवता येतो. निवडलेले दोन-तीन रंग पत्र्याच्या तुकड्यांवर मारून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाहावेत. दुकानातील चिठ्ठीवरचा रंग आणि दारातला रंग यांत मोठा फरक पडतो. काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत धरावे. पावसाळ्यातील दमट हवेत जुन्या पद्धतीचा रंग पांढुरका पडतो, तर वैशाखातील वावटळ ओल्या रंगावर धूळ आणून बसवते.

आपल्या घरांतून निळ्याचा आग्रह होणार हे उघड आहे, आणि तो व्हावाही. पण सडक्या पत्र्यावर निळा मारून त्या रंगाचा मान वाढत नाही. आतला पत्रा खरा असेल तरच वरचा निळा शोभतो.

कागद आणि पैसा

सौदा करण्याआधी आर.सी. पुस्तकावरील चासी व इंजिन नंबर गाडीशी ताडून पाहावेत. बँकेचा बोजा उतरला आहे ना, दंड थकलेला नाही ना, हे पाहावे. कोपरगावकरांचे हे काम श्रीरामपूरच्या आरटीओ कार्यालयात होते, आपला क्रमांक एमएच 17. आर.सी.वर रंगाचीही नोंद असते, म्हणून रंग बदलला तर ती नोंद बदलून घ्यावी. पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम काढले. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि फेरनोंदणीची 5,000 रुपये ठरली. मूळ बॉडी, चासी, इंजिनात मोठा बदल केलेला नसावा आणि अशी गाडी रोजच्या वा धंद्याच्या वापरासाठी काढू नये, अशी अट आहे. पहिल्या पद्मिनी 2024 साली पन्नाशीत आल्या.

खर्चासाठी एक वही घालावी. पत्रा, इंजिन, वायरिंग, रबर-काचा, टायर, सीट, रंग, कागदपत्रे अशी खाती पाडावीत आणि एकूण आकड्यावर किमान चौथा हिस्सा जादा धरावा, कारण गंज उघडल्याशिवाय कळत नाही. पैसे संपले तर काम प्रायमरवर थांबवून गाडी झाकून ठेवावी, पण पत्र्याचे पैसे वाचवून रंगाकडे धावू नये. मुलांची फी आणि घरचे औषधपाणी यांच्या आड ही गाडी येता कामा नये. ऋण काढून सण करण्याची रीत आपण सोडून दिली आहे, ती गाडीच्या निमित्ताने परत आणायला नको.

आणि गाडी तयार झाली की पत्रा ठोकणाऱ्याची, रंग मारणाऱ्याची राहिलेली मजुरी त्याच दिवशी चुकती करावी. पहिला फोटो काढताना त्या दोघांना बाजूला उभे राहू देऊ नये, बॉनेटशेजारी मधोमध उभे करावे.