कबुली देण्याआधी थांबा!

"साहेब, उद्या कोर्टात कबूल करून टाकू का?"

रात्री नऊ वाजता आमच्या दारात उभ्या राहिलेल्या ताईंचा हा पहिलाच प्रश्न होता. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेले समन्स. चार घरची धुणीभांडी करणारी ही बाई. आरोप काय, तर एका मॉलमधून ३४० रुपयांची कंपासपेटी आणि रंग चोरले. बाकी सामानाचे बिल भरले होते. लेकीने पिशवीत टाकलेली पेटी तेवढी राहिली. दारावर अडवले, आतल्या खोलीत दोन तास बसवले, "कुठल्या वस्तीतली गं तू?" असे विचारले. दहापट पैसे भर नाहीतर पोलीस, असे धमकावून कागदावर सही घेतली. पैसे नव्हते, म्हणून प्रकरण ठाण्यात गेले. आता कोर्टाच्या आवारातला कोणी तरी सांगतो, "कबूल कर, पाच मिनिटांत सुटशील."

हा सुटण्याचा मार्ग नव्हे, अडकण्याचा आहे. ताईंना अंगणवाडीत मदतनीस व्हायचे आहे. उद्या चारित्र्य पडताळणीत "चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा" असे निघाले, तर त्या पाच मिनिटांची किंमत त्यांनी जन्मभर का मोजायची?

कायदा काय म्हणतो ते समाजबांधवांनी नीट समजून घ्यावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ नुसार चोरलेल्या मालाची किंमत ५००० रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. ऐकायला बरे वाटते. पण समाजसेवा झाली तरी ती शिक्षाच! दोषी ठरल्याशिवाय ती होत नाही.

एवढ्या किमतीचा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. म्हणजे न्यायाधीशांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासही करता येत नाही. खासगी माणसाला अटकेचा अधिकार आहे तो त्याच्यासमोर घडलेल्या दखलपात्र व अजामीनपात्र गुन्ह्यातच. मग ३४० रुपयांसाठी बाईला खोलीत कोंडणारा सुरक्षारक्षक कोणत्या कायद्याने वागला? दहापट दंड वसूल करण्याचा अधिकार दुकानदाराला कोणी दिला? बेकायदा कोंडून ठेवणे हाच मुळी गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट. अप्रामाणिक हेतू असल्याशिवाय चोरी होत नाही. विसरणे म्हणजे चोरणे नव्हे. तो हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. दडपणाखाली घेतलेल्या कागदालाही आव्हान देता येते. पण न्यायाधीशांसमोर आपल्या तोंडाने "कबूल आहे" म्हटले, की तेवढ्यावरच शिक्षा होऊ शकते.

मालाच्या मालकाशी तडजोडीची वाटही आहे. कायदेशीर तडजोड झाली तर आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच असतो. कबुली आणि तडजोड यांत असा जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नेमका तोच गरिबाला कोणी सांगत नाही.

आम्ही चोरीचे समर्थन करीत नाही. न दिलेले घेऊ नये, हे आमचे दुसरे शील आहे. ज्याच्या हातून खरोखर चूक घडली, त्याने ती लपवू नये. पण त्यानेही वकिलामार्फत १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा लाभ मागावा. पहिल्या गुन्ह्यात समज देऊन सोडण्याची तरतूद त्यात आहे.

प्रश्न संशयाच्या नजरेचाही आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, नजर मात्र रद्द झाली नाही. पारधी बाई दुकानात शिरली की आजही रक्षक तिच्या मागे फिरतो. महागड्या पर्समध्ये राहिलेली वस्तू "चुकून" राहते आणि कापडी पिशवीतली "चोरलेली" ठरते!

म्हणून बांधवांनो, तारीख चुकवू नका. गैरहजर राहिलात तर वॉरंट निघते. बिल फेकू नका. कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवण्याची मागणी ताबडतोब लेखी करा. न वाचता सही करू नका. आणि वकील परवडत नाही म्हणून कबुली देऊ नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कोर्टातच विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

दुसऱ्या दिवशी पुकारा झाला. न्यायाधीशांनी विचारले, "गुन्हा कबूल आहे का?" ताईंनी पदर सावरला, क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "नाही साहेब. मी चोरी केली नाही."

पुढची तारीख पडली. त्या दिवसाची मजुरी बुडाली. पण कोर्टाच्या पायऱ्या त्या मान वर करून उतरल्या. खटला अजून संपलेला नाही. आम्हीही त्यांच्यासोबत आहोत. जयभीम!