चक बेरी : गिटार, गाणी आणि अंतराळ

चक बेरी (१९२६–२०१७)

• पूर्ण नाव चार्ल्स एडवर्ड अँडरसन बेरी. जन्म १८ ऑक्टोबर १९२६, सेंट लुईस, अमेरिका. गायक, गिटारवादक, गीतकार.

• बेरींची शैली, रॉक अँड रोल : कृष्णवर्णीयांचे रिदम अँड ब्लूज आणि गोऱ्यांचे कंट्री संगीत यांच्या मिलाफातून १९५०च्या दशकात लोकप्रिय झालेली नाचरी शैली. 'रॉक' हा तिचाच १९६०च्या दशकातला विस्तार; दोन्ही एक नव्हेत.

• पहिली ध्वनिमुद्रिका 'मेबलीन' (१९५५), शिकागोच्या चेस रेकॉर्ड्सकडून. तिथे जायला सुचवले ब्लूज गायक मडी वॉटर्स यांनी. गाण्याचा आधार 'आयडा रेड' हे जुने कंट्री गाणे. गीतकाराच्या श्रेयात रेडिओ निवेदक अ‍ॅलन फ्रीड यांचेही नाव घातले गेले. त्यामुळे बेरींना हक्काच्या मानधनात वाटेकरी मिळाला.

• वादनाची ओळख : दोन तारा एकदम छेडत केलेली खणखणीत सुरुवात. रंगमंचावर गुडघे वाकवून, गिटार वाजवत एका पायावर पुढे सरकणारा 'डकवॉक'.

• दौऱ्यावर बहुधा एकटेच, सोबत गिटार. साथीदार त्या त्या गावातले. गाणी त्यांना आधीच पाठ असतात, हा भरवसा.

• रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक गटाची पहिली ध्वनिमुद्रिका 'कम ऑन' (१९६३) मूळ बेरींची. बीटल्सनीही त्यांची गाणी गायली.

• अमेरिकेच्या मुख्य लोकप्रियता-यादीत अव्वल ठरलेले एकच गाणे, 'माय डिंग-अ-लिंग' (१९७२). 'जॉनी बी. गुड' (१९५८) मात्र १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांवरील सुवर्णतबकडीत समाविष्ट.

• निधन १८ मार्च २०१७, वय ९०. अखेरचा अल्बम 'चक' त्याच वर्षी, मरणोत्तर.