बुरशी तीच, शरीर वेगळे

दौंड तालुक्यात गुऱ्हाळाशेजारी भिजून कुजलेला चिपाडांचा ढीग किंवा शिरूरकडच्या एखाद्या गोठ्यामागचा उकिरडा उपसताना पाहा. आतून वाफ येते आणि तिच्याबरोबर धुरकट पूड उडते. या पुडीत ॲस्परजिलस फ्युमिगेटस नावाच्या बुरशीचे बीजाणू हमखास असतात. ढिगाचे तापमान ५० अंश सेल्सिअस झाले तरी ही बुरशी वाढते. मग आपल्या शरीराचे ३७ अंश तिला काय जड जाणार? बीजाणूचा व्यास २ ते ३ मायक्रॉन, म्हणजे तो थेट फुप्फुसातील वायुकोशापर्यंत पोचतो. असे शेकडो बीजाणू आपण रोज श्वासाबरोबर आत घेतो. तरीही उकिरडा उपसणारा गडी सहसा आजारी पडत नाही. वायुकोशातील भक्षक पेशी बीजाणू गिळून टाकतात आणि त्यातूनही जे रुजतात, त्यांच्या तंतूंचा समाचार रक्तातील न्यूट्रोफिल पेशी घेतात.

हृदयरोपण झालेल्या रुग्णात हा पहारा आपणच ढिला केलेला असतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयरोपण केले, पण रुग्ण काही तासच जगला. देशातील पहिले यशस्वी रोपण १९९४ मध्ये दिल्लीला झाले. मधल्या काळात सायक्लोस्पोरिन आले होते. परक्या हृदयावर तुटून पडणाऱ्या टी-पेशींना ते आवरते. (गंमत म्हणजे हे औषधही मातीतल्या एका बुरशीनेच दिले!) जोडीला दिलेली स्टेरॉइडे भक्षक पेशींनाही मंद करतात. मग बीजाणू रुजतो, तंतू रक्तवाहिनीत घुसतात, तिथे गुठळी होते आणि पुढचा भाग रक्ताविना मरतो. कधी हे तंतू मेंदूपर्यंत जातात. २०२१ मध्ये कोविडनंतर आपल्याकडे पसरलेली ‘काळी बुरशी’ वेगळ्या जातीची होती, पण तिलाही वाट मिळाली ती स्टेरॉइडे आणि बेताल मधुमेह यांमुळेच.

प्रतिकारच मंदावल्याने ताप-खोकला उशिरा दिसतो, आणि इथे उशीर जिवावर बेततो. व्होरिकोनॅझोल हे औषध उपयोगी पडते. मात्र ते यकृतात सायक्लोस्पोरिनचे विघटन रोखते. सायक्लोस्पोरिनची मात्रा वेळीच घटवली नाही, तर मूत्रपिंडाला इजा होते. आणखी एक अडचण शेतातून येते. पिकांवर फवारले जाणारे टेब्युकोनॅझोल याच कुळातले. त्याला सरावलेली बुरशी रुग्णालयातल्या औषधालाही जुमानत नाही, आणि असे वाण भारतातील मातीतही सापडले आहेत.

म्हणूनच नवे हृदय घेऊन गावी परतणाऱ्याला डॉक्टर बजावतात: उकिरडा, कुजका पाचोळा, बुरसलेला कडबा यांच्या जवळ जाऊ नका; धुळीत मुखपट्टी बांधा; किरकोळ खोकलाही अंगावर काढू नका.