लस, कथा आणि तरुण विद्यार्थी

रोगप्रतिबंधक लसीचें महत्त्व सांगतांना सुशिक्षित मनुष्य बहुधा आंकड्यांचा आश्रय घेतो. परंतु भीतीपुढें आंकडे टिकत नाहींत. कारण भीति ही नेहमीं कथेच्या रूपानेंच मनांत शिरते. अमक्या गांवच्या तरुणानें लस टोचून घेतली आणि अंथरूण धरलें, एवढें एक वाक्य शंभर कोष्टकांना पुरून उरतें. अशा कथेला उत्तर द्यावयाचें तें खऱ्या कथेनेंच.

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व भागांतील देवरीचें उदाहरण घ्यावें. मुंबई-कोलकाता हमरस्त्यावरील या ठिकाणाच्या भोंवतीं जंगल व गोंडांची वस्ती असून छत्तीसगडची सीमा जवळच आहे. महाविद्यालयांत मराठींतून शिकणाऱ्या येथील कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीं गोंडी किंवा झाडीबोली बोलली जाते. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या काळांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना कोविडची लस देण्यासाठीं 'मिशन युवा स्वास्थ्य' ही मोहीम काढली, ती ऐन दिवाळीच्या तोंडावर. दिवाळीनंतर या मुलखांत मंडया भरतात व दंडारी रंगतात. नाट्य आणि कथा यांची येथें वाण नाहीं. लस घेऊन सुटींत घरीं गेलेला विद्यार्थी आपल्या बोलींत जें सांगेल, तें सरकारी पत्रकापेक्षां घरच्यांना अधिक पटेल.

मग त्यानें सांगावें काय? मुंबईचीच एक हकीकत आहे. १८९६ सालीं त्या शहरांत प्लेगानें कहर मांडला. वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगाची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्याच अंगांत टोचून घेतली. त्यांना ताप आला, वेदना झाल्या, आणि थोड्या दिवसांत ते बरे झाले. पुढें आगाखान यांनीं आपल्या अनुयायांची भीति घालविण्यासाठीं सर्वांदेखत लस टोचून घेतली. जो सांगतो तो आधीं स्वतः दंड पुढें करतो, हें या कथेचें मर्म होय.

परंतु कथा अर्धी सांगूं नये. १९०२ सालीं पंजाबांत मुल्कोवाल येथें एकाच दूषित बाटलींतील लसीनें १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. ठपका हाफकिन यांच्यावर आला. तो १९०७ सालीं दूर झाला. दोष लसीच्या गुणाचा नसून बाटली दूषित होण्याचा होता. ही घटना लपविणारा वक्ता पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. ती स्वतः सांगणाऱ्यावर श्रोत्यांचा विश्वास बसतो. ताप येईल, दंड दुखेल, हेंही त्यानें आधींच सांगावें. म्हणजे दुसऱ्या दिवशींच्या तापानें अफवेला खाद्य मिळत नाहीं. भित्र्याची थट्टा तर मुळींच करूं नये. त्यानें माणूस गप्प होतो, पण त्याचें मन वळत नाहीं.

सर्वांत प्रभावी कथा मात्र बहुधा घरांतच असते. वृद्ध आजीच्या दंडावर देवी टोचल्याची खूण असते. देवीचा कोप म्हणून ज्या रोगाला भ्यावयाचें, त्याचा भारतांतील शेवटचा रुग्ण १९७५ सालीं आढळला, आणि १९८० सालीं जगांतूनच त्याचें उच्चाटन झाल्याचें जाहीर झालें. म्हणून आजच्या नातवाच्या दंडावर ती खूण नाहीं. ती आजीच्या दंडावर कां आहे, एवढें त्यानें तिला विचारावें. पुढची गोष्ट तीच सांगेल.